खाऱ्या हवेतलं पीओई: कॅमेरा बंद पडला की दोष कसा शोधायचा

सकाळी कॅमेरा बंद, ऊन वर आलं की आपोआप चालू, आणि संध्याकाळी एक सर येऊन गेली की पुन्हा गायब. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत ज्यांनी होमस्टेला, आंब्याच्या बागेला किंवा मासळीच्या गोदामाला पीओईवरचे, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे, कॅमेरे आणि वाय-फाय बसवलंय, त्यांची पावसाळ्यातली ही ठरलेली तक्रार. मग कॅमेरा बदलला जातो. तरी फरक पडत नाही म्हणून स्विचही, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली ज्यात येतात तो नेटवर्कचा डबाही, बदलला जातो. दोष बहुतेक वेळा या दोघांच्या मधे असतो, केबलच्या टोकाला मारलेल्या कनेक्टरमध्ये. नव्याने हे काम शिकणाऱ्यांनी पैसे खर्च करण्याआधी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं ते खाली दिलंय.

पोर्टवर वीज येते कशी

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच डेटाबरोबर वीज देण्याची सोय. वीज डीसी असते, स्विचच्या टोकाला ४४ ते ५७ व्होल्टच्या दरम्यान. पण स्विच ती सरळ सोडत नाही. आधी तो २.८ ते १० व्होल्टचा हलका दाब टाकून पलीकडे काय जोडलंय ते चाचपतो. पीओई कॅमेऱ्याच्या आत २५ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि स्विचला १९ ते २६.५ किलोओहमच्या मधलं काही दिसलं तरच तो पुढे जातो. मग साधारण १५ ते २० व्होल्ट टाकून कॅमेऱ्याचा क्लास, म्हणजे त्याला किती वीज लागेल, ते विचारून घेतो. पूर्ण दाब त्यानंतर येतो.

हा क्रम लक्षात ठेवला की दोन कोडी आपोआप सुटतात. मोकळ्या केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर ४८ व्होल्ट दिसत नाहीत, काटा किंवा आकडा नुसता एक-दोन व्होल्टवर उडतो. पोर्ट मेलेलं नाही, ते अजून चाचपतंय. दुसरं कोडं पावसाळ्याचं. कनेक्टरमध्ये खारट ओल शिरली की पिनांच्या मधून गळती सुरू होते. समजा ही गळती ३० किलोओहमची आहे. ती कॅमेऱ्याच्या २५ किलोओहमला समांतर बसते आणि स्विचला दिसतात फक्त १३.६ किलोओहम. स्विच म्हणतो हा पीओई कॅमेरा नव्हेच, आणि वीज देत नाही. दुपारी ओल सुकली की गळती थांबते आणि कॅमेरा येतो. कॅमेराही ठणठणीत, स्विचही ठणठणीत.

किनाऱ्यावर हे जास्त का होतं, तर मीठ. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पिनांवर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. पाऊस थेट लागला नाही तरी पडवीच्या आतल्या कनेक्टरला पाझर फुटतो तो यामुळे.

कोणतं पीओई आहे ते आधी वाचा

कॅमेऱ्याच्या आणि स्विचच्या लेबलवर काय छापलंय ते बघितल्याशिवाय कशालाही हात लावू नका. ८०२.३एएफ हे २००३ सालचं मानक: स्विचकडून पोर्टला १५.४ वॅट, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटची हमी. ८०२.३एटी, २००९ सालचं, ३० आणि २५.५ वॅट. बीटी हे २०१८ सालचं, ६० ते ९० वॅटपर्यंत. आपल्या नेहमीच्या कामात ते क्वचित लागतं, फिरणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांना लागू शकतं.

यांच्यापेक्षा वेगळी जात म्हणजे पॅसिव्ह पीओई. वाडीतल्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेट नेणाऱ्या बऱ्याच वायरलेस रेडिओंसोबत २४ व्होल्टचा छोटा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा डबा, येतो, तो या जातीचा. तो काही विचारत नाही, कनेक्टरच्या आठ पिनांपैकी ४-५ वर प्लस आणि ७-८ वर मायनस सतत सोडतो. असा रेडिओ एएफ स्विचला लावला तर बहुधा चालू होणार नाही, कारण त्याच्यात ओळखीचा रेझिस्टर नसतो. उलट पॅसिव्ह इंजेक्टरचं टोक लॅपटॉपमध्ये किंवा भलत्याच उपकरणात घातलं तर पोर्ट जळू शकतं. अशा इंजेक्टरवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

पिशवीत काय हवं

मल्टिमीटर, आठ दिव्यांचा केबल टेस्टर, कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल, पंधरा-वीस चांगले कनेक्टर, एक मीटरची खात्रीची पॅच कॉर्ड आणि ३० वॅटचा खात्रीचा एटी इंजेक्टर. शिवाय जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि स्वतःला चिकटणारी रबर टेप. खात्रीचा इंजेक्टर विकत घेताना हात आखडू नका, निम्मी तपासणी त्याच्यावरच होते.

पहिला प्रश्न: एक बंद की सगळे?

सगळे एकदम गेले असतील तर केबल तपासण्यात वेळ घालवू नका. स्विचचा अ‍ॅडॉप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, इन्व्हर्टर यांच्याकडे वळा. चार-पाच कॅमेऱ्यांपैकी शेजारचे दोन गेले असतील तर त्या दोघांच्या केबली कुठे एकत्र येतात ते शोधा, बहुतेक एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी किंवा मुंग्यांचं वारूळ सापडेल. एकच गेला असेल तर पुढचा क्रम धरा.

स्विचपाशीच सुरुवात करा, कारण शिडी लावायला लागत नाही. बंद कॅमेऱ्याची केबल चालू असलेल्या पोर्टमध्ये घाला. कॅमेरा आला तर जुनं पोर्ट गेलंय. आला नाही तर स्विच बाजूला ठेवून तीच केबल इंजेक्टरवर लावा. इथे एक बारकावा आहे. बाजारातले बरेच स्विच १-२ आणि ३-६ या तारांवरून वीज देतात, तर इंजेक्टर सहसा ४-५ आणि ७-८ वरून. इंजेक्टरवर कॅमेऱ्याला वीज मिळाली पण स्विचवर मिळत नाही, असं झालं तर १, २, ३, ६ यांच्यापैकी तारेत खोट शोधा. वीज आहे पण चित्र नाही, तरी याच चार तारा बघा, कारण १०० एमबीपीएसचा डेटा त्यांच्यावरूनच जातो.

वीज पोचतेय का हे लांबून कळायला सोपी युक्ती: कॅमेऱ्याच्या काचेवर काळं कापड धरा. रात्र झाली असं समजून तो आतला फिल्टर हलवतो, त्याचा बारीक ‘टक्’ आवाज येतो आणि दिव्यांना मंद लाल झाक येते. आवाज आला तर वीज आहे, दोष डेटाचा.

इंजेक्टरवरही मेलेलाच राहिला तर कॅमेरा खाली उतरवा आणि एक मीटरच्या पॅच कॉर्डने स्विचला लावा. इथे चालला तर कॅमेरा आणि स्विच दोघेही सुटले, आता केबल आणि तिची दोन टोकं. इथेही चालला नाही तरच नवीन कॅमेऱ्याचा विचार करा, आणि त्याआधी कॅमेऱ्याच्या शेपटीचं सॉकेट साफ करून एकदा बघा.

कनेक्टर उघडताना

आधी स्विचची वीज बंद करा. पीओईमध्ये प्लग घालताना ठिणगी पडत नाही, कारण वीज नंतर येते. चालू प्लग ओढून काढताना मात्र पिनेच्या कडेवर बारीक ठिणगी पडते आणि तिथला सोन्याचा पातळ मुलामा उडतो. पुढे गंज तिथूनच धरतो.

प्लग उजेडात धरा आणि पिना एकेक करून बघा. चांगल्या पिना पिवळ्या, चकचकीत दिसतात. खाऱ्या हवेने धरलेल्या पिनांवर हिरवट-निळी भुकटी असते, कधी पिनेची कडच खाल्लेली असते. कोणत्या पिना खाल्ल्यात त्याची नोंद घ्या. डीसी वीज आणि खारट ओल एकत्र आली की प्लसच्या पिना आधी झिजतात. इंजेक्टरवरच्या लाइनीत ४ आणि ५ हिरव्या आणि बाकीच्या बऱ्या असतील तर नुसती हवा लागलेली नाही, ओलीतून विजेची गळती सुरू होती. असा प्लग पुसून पुन्हा घालू नका. तो कापा, शिवाय केबल दहा-पंधरा सेंटिमीटर मागे सोलून तांबं बघा. तार काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा.

कॅमेऱ्याच्या बाजूचं सॉकेट कापता येत नाही, ते धुवावं लागतं. सरळ अल्कोहोल मारलं तर मीठ जागेवरच राहतं, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. म्हणून आधी टूथब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिना हलक्या हाताने घासा, मग अल्कोहोलने पाणी उडवा आणि अर्धा तास सुकू द्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका.

नवीन कनेक्टर मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकल्यात का ते समोरून बघा, आठही टोकं चमकली पाहिजेत. केबलचं बाहेरचं कव्हर प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर वाऱ्याने केबल हलली की सगळा ताण तारांवर येतो. टेस्टरवर आठ दिवे ओळीने लागले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. तो फक्त तार तुटली नाही एवढंच सांगतो. दोन्ही टोकांना सारखीच चूक होऊन एका जोडीची तार दुसरीत गेली असेल तरी त्याचे आठही दिवे लागतात. चालू पीओई लाइनीवर तो टेस्टर कधीच लावू नका.

पिनांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, कॅमेऱ्यासोबत आलेली वॉटरप्रूफ टोपी प्लग मारण्याआधीच केबलवर चढवा (प्लग मारल्यावर ती चढत नाही आणि मग बहुतेक जण ती खोक्यातच ठेवून देतात), आणि जोडावर रबर टेप खालून वर, अर्धी-अर्धी चढवत, ताणून गुंडाळा. खालून वर गुंडाळली की कौलांसारखे थर पडतात आणि पाणी वरच्या थरावरून ओघळून जातं.

केबल मोजणं

केबलच्या कव्हरवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी मिळते. मर्यादा १०० मीटर. काही स्विचवर ‘एक्स्टेंड’ नावाचं बटण असतं, ते दाबलं की २५० मीटरपर्यंत जाता येतं पण वेग १० एमबीपीएसवर येतो. शेजारचं ‘व्हीलॅन’ बटण चुकून सरकलं तर कॅमेरे एकमेकांना आणि तुमच्या लॅपटॉपला दिसेनासे होतात. वीज असून चित्र नसेल तर ही बटणं एकदा बघा.

आता तांबं खरं आहे का ते. बॉक्सवर कॅट-६ लिहिलेल्या स्वस्त केबलीत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चंदेरी झाली की ओळखा. मीटरने खात्री करायची तर केबल दोन्हीकडून सोडवा, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये ओहम मोजा. १०० मीटर चांगल्या कॅट-५ईला १७ ते १९ ओहम येतात, जाड तारेच्या कॅट-६ला १४ च्या आसपास, आणि मुलाम्याच्या केबलला २७ ते ३०. लांबीच्या प्रमाणात हिशेब करा, आणि मीटरच्या वायरींचा अर्धा-पाऊण ओहम वजा करायला विसरू नका. चारही जोड्या मोजा. तीन जोड्या ११ आणि एक १६ दाखवत असेल तर त्या एकीत कुठेतरी कच्चा जोड आहे.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात पाहा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह लाइनीवर ९० मीटर लांब १२ वॅटचं उपकरण आहे. शुद्ध तांब्यात जाऊन-येऊन सुमारे ८ ओहम होतात आणि उपकरणाला १९ व्होल्टच्या आसपास मिळतात, ते चालतं. मुलाम्याच्या केबलीत हेच १३ ओहम होतात आणि तेवढ्या अडथळ्यातून २४ व्होल्टने जास्तीत जास्त ११ वॅटच जाऊ शकतात. १२ वॅटचं उपकरण त्यावर कितीही वेळा चालू केलं तरी पडणारच. ४८ व्होल्टवर हाच तोटा निभावून जातो, म्हणून लांबच्या कामाला पॅसिव्ह २४ टाळा.

पाणी शिरलंय का हे बघायला पाऊस पडून गेल्यावर मोजा. दोन्ही टोकं मोकळी, मीटर मेगाओहमवर, वेगवेगळ्या जोड्यांच्या तारांमध्ये. कोरड्या केबलला मीटर काहीच दाखवत नाही. काहीशे किलोओहम किंवा कमी आकडा आला तर आत पाणी आहे. कव्हरला उंदराने कुरतडलेलं भोक, वाशाच्या खिळ्याला घासलेली जागा, उन्हाने तडकलेला भाग, यातलं काहीतरी सापडतं. असं पाणी कव्हरच्या आतून उतारावर वाहत घरातल्या स्विचपर्यंत येतं. पोर्टमध्ये थेंब दिसला तर छप्पर गळतंय असं समजू नका, केबल गळतेय.

कव्हरच्या बाहेरून ओघळणारं पाणीही घरात येऊ नये म्हणून बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक केबलला भिंतीआधी दहा-पंधरा सेंटिमीटरचा झोळ द्या, पाणी तिथून खाली ठिबकेल. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर, बाहेरच्या बाजूला उतरतं धरा. जांभा सच्छिद्र असतो, भोकात पाइपचा तुकडा घातला नाही तर चिऱ्यातली ओल केबलीला कायम लागून राहते.

रात्रीच बंद पडतो

दिवसभर ठीक आणि अंधार पडला की कॅमेरा रिस्टार्ट होत राहतो, ही विजेची तूट. दिवसा ५ वॅट घेणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की १० ते १२ वॅट घेतो. अ‍ॅडॉप्टरवर ५१ व्होल्ट, १.२५ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा: सुमारे ६४ वॅट. सहा कॅमेरे दिवसा ३० वॅट घेतात, रात्री ६६. त्यात स्विचला स्वतःला तीन-चार वॅट लागतात. बहुतेक स्विच अशा वेळी शेवटच्या क्रमांकाचं पोर्ट आधी सोडतात, म्हणून नेमका तोच कॅमेरा खराब आहे असा समज होतो.

काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता क्लासप्रमाणे वीज राखून ठेवतात. क्लास ३ च्या प्रत्येक कॅमेऱ्याला १५.४, म्हणजे चार कॅमेऱ्यांनाच ६१.६ वॅट राखीव झाले आणि पाचवा दिवसासुद्धा लागत नाही.

याची परीक्षा भर दुपारी करता येते. सगळ्या कॅमेऱ्यांवर एकाच वेळी काळं कापड टाका आणि दहा मिनिटं थांबा. तूट असेल तर तेवढ्यात कळतं, रात्री शिडीवर चढायला लागत नाही. बसवतानाच रात्रीच्या वापरावर पंचवीस-तीस टक्के जास्तीचा स्विच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. जुना अ‍ॅडॉप्टर बिनभाराने ५१ व्होल्ट दाखवतो आणि भार आला की ४२ वर येतो, म्हणून तो कॅमेरे चालू असतानाच मोजा.

लाईट गेली की सगळे कॅमेरे रिस्टार्ट होत असतील तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदली व्हायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात स्विच पडतो. वळवाच्या दिवसांत लाईट दहा वेळा ये-जा करते, तेव्हा स्विच आणि एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला) एक छोटा यूपीएस वेगळा देणं परवडतं.

वीज कडाडली की

वळवाचा आणि परतीचा पाऊस, विजेचा धोका या दोन वेळांना सगळ्यात जास्त. बाहेरून गेलेली लांब केबल जवळपास पडलेल्या विजेचा झटका आत आणते. अशा लाइनीला दोन्ही टोकांना पीओईचा सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याची अर्थिंगची तार जाड, सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवा. अर्थिंगला न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता एक जास्तीचा जोड. सड्यावरच्या जांभ्यात उन्हाळ्यात जमीन खडखडीत सुकते, तिथल्या अर्थिंगच्या खड्ड्याला एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहावं लागतं.

घर आणि बागेतली खोपी, किंवा दोन वेगळ्या इमारती, यांच्यामध्ये तांब्याची केबल ओढूच नका. तिथे फायबर आणि त्याला दोन्ही टोकांना साध्या नेटवर्क केबलशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर वापरा. फायबरमधून झटका येत नाही, १०० मीटरची अडचणही राहत नाही. बागेतल्या टोकाला वीज मात्र तिथली वेगळी लागेल. धातूची तार असलेलं फायबर आणलं असेल तर ती तार आत येण्याआधीच कापा.

झटका बसल्यावर स्विच वरवर चालू दिसला तरी एकेक पोर्ट तपासा. अर्धवट मेलेली पोर्ट्स असतात: डेटा जातो, वीज येत नाही. त्यांच्यावर काळी टेप लावा, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी त्यात कॅमेरा घालून डोकं आपटत बसणार नाही.

बाहेरची कामं कधी करायची

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते १६-१७ मे २०२१ ला किनाऱ्यालगत वर सरकलं. म्हणून कनेक्टर उघडणं, धुणं, टेप नव्याने गुंडाळणं, जंक्शन बॉक्समधल्या मुंग्या काढणं ही कामं शाकारणीबरोबरच, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. कोरड्या हवेत बंद केलेला जोड कोरडा राहतो. ऑगस्टमध्ये टेप मारली तर ओल आतच कोंडली जाते.

त्याच फेरीत प्रत्येक लाइनीची लांबी, चारही जोड्यांचे ओहम आणि कॅमेरा चालू असतानाचा अ‍ॅडॉप्टरचा दाब परमनंट मार्करने स्विचच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा, तारखेसकट. पावसात तक्रार आली की नवीन आकडा त्याच्या शेजारी मांडायचा. ज्या जोडीचा आकडा बदललाय तिचीच केबल आधी उघडायची.